चारशे अकरा ब्लॉगांची दोरी

कंधार
शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळचे साडेदहा

प्रिय कहकशां,

पाकीट फाडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं असं की हे पत्र क्रमाने वाच आणि वाचून झाल्यावर टाकून देऊ नकोस. का ते शेवटी लिहिते. शेवटचं पान आधी पाहायची तुझी सवय मला ठाऊक आहे. नांदेडला कॉलेजात असताना वाचनालयातल्या रहस्यकथा तू खुनी कोण ते बघूनच घरी न्यायचीस आणि वर मला म्हणायचीस, "अब चैन से पढूँगी." या वेळी तसं करू नकोस.

आपण दीड वर्षं बोललेलो नाही. त्याबद्दलही लिहायचं आहे, पण आधी कामाचं. मला भीती वाटते आहे. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले होते, कारण ते माझं वाटत नाही. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. वर्गात नाग निघाला तेव्हा शिपाई पळाला आणि मी बाक लावून मुलींना ओळीने बाहेर काढलं, हे तू दहा जणांना रंगवून सांगितलेलं आहेस. तीच मी आता घरातल्या लॅपटॉपला घाबरते. त्यावर चादर टाकून ठेवली आहे. चार्जिंगची वायर शेजारच्या गंगम्माकडे दिली आहे. देगलूरकडची आहे ती, तुला कडबू खायला घालायची तीच. तिने वायर हातात घेऊन विचारलं, "बाई, ह्याचा करंट बसून राहिलाय का तुमाला?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर तिला कळलं नसतं असं नाही. मलाच ते मोठ्याने ऐकायचं नव्हतं.

झालं ते सांगते. शिरूर अनंतपाळच्या सुकन्याताई तुला आठवतील. निवृत्त नर्स, आपली 'ओसरी' नावाची थीम, म्हणजे पानाची तयार मांडणी, घेऊन ब्लॉग चालवतात. साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन आज कुठल्या दवाखान्यात आहे आणि तिथे ड्यूटीवर कोण आहे, हे त्या रोज सकाळी फोन करकरून विचारतात आणि आठच्या आत ब्लॉगवर टाकतात. पेरणीत आणि सोयाबीन काढणीत आसपासची माणसं ते पान मोबाइलवर उघडून बघतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला. "बाई, पान उघडायलंय पण अक्षर एक दिसंना. नुसतं पांढरं फेक."

मी लॅपटॉप उघडला. सगळं जागच्या जागी होतं, पण पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. सुकन्याताईंच्याच ब्लॉगवर नाही, सगळीकडे. पाककृतींचे, गावाच्या इतिहासाचे, कवितांचे, शाळांचे, आपल्या थीमवर उभे असलेले चारशे अकरा ब्लॉग सकाळपासून कोरे. पाच मिनिटांत मी ते पूर्ववत केलं आणि मनातल्या मनात कुणाला तरी सणसणीत शिव्या दिल्या. चार दिवसांनी सुकन्याताईंनी बोलता बोलता सांगितलं की त्या सकाळी एका माणसाने सोयाबीन काढताना बायकोला साप चावला म्हणून ते पान उघडलं होतं. काही दिसलं नाही म्हणून जवळचा दवाखाना गाठला. तिथे औषध नव्हतं. तिथून उदगीरला नेलं. चाळीस मिनिटं जास्त गेली. बाई वाचली. सुकन्याताई "वाचली हो" म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळल्या. मी अजून वळलेली नाही. रस्त्यात जीपमध्ये बायकोचा पाय मांडीवर घेऊन तो माणूस कोऱ्या पानावर बोट घासत बसलेला मला रोज दिसतो.

तू म्हणशील, मग तेव्हाच का नाही लिहिलंस? कारण तेव्हा मला वाटत होतं की हे तू केलंस.

थांब, पत्र खाली ठेवू नकोस. पुढे वाच.

हे सगळं सुरू कसं झालं ते मला पुन्हा लिहून काढायचं आहे, कारण हल्ली लिहून काढलेलंच माझ्याजवळ राहतं. शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी माझ्यावर टाकली तेव्हा मुलींसाठी एक ब्लॉग काढायचा ठरला. बाजारात मिळणारी प्रत्येक थीम इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकायचा, रफार कापला जायचा. मी चिडले. अशी वही एखाद्या मुलीने दाखवली असती तर मी ती परत लिहून आणायला लावली असती. मग उन्हाळ्याच्या सुटीत बसून शिकले आणि 'पाटी' ही पहिली थीम केली. रंग, समास, ओळींमधली जागा, सगळं मोजून. तरी काहीतरी चुकत होतं आणि ते मला दिसत नव्हतं. तू लातूरहून आलीस, चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं बघितलंस आणि म्हणालीस, "मंजू, हरफ को सांस तो लेने दे." गंजगोलाईजवळच्या त्या गल्लीत तुझे अब्बा लग्नपत्रिका लिहायचे. कलमाच्या टोकाचा एक ठिपका हेच त्यांचं माप. अक्षर किती ठिपके उंच, ओळ किती ठिपके दूर, हे सगळं तुझ्या डोळ्यात बसलेलं. तू बोटाने दाखवत गेलीस, मी आकडे टाकत गेले, आणि पान एकदम उघडलं, खिडकी उघडावी तसं. मग उर्दूसाठी 'सहन', म्हणजे अंगण, ही थीम केली, उजवीकडून डावीकडे जाणारी. मग 'ओसरी', मग 'बांध'. सगळ्या फुकट. एकाने विचारलं होतं, फुकट का देता? मी लिहिलं, मी फळ्यावर लिहिलेलंही कधी विकलं नाही. अट एकच ठेवली. तळाची ओळ काढायची नाही. 'रंग आणि मांडणी मंजुश्री, अक्षरांची मापं कहकशां.'

आणि एक गोष्ट मी माझ्या मनाने केली, जी दुसऱ्या कुणी केली नसती. थीम देऊन टाकायची म्हणजे देऊन टाकायची. ज्याची त्याने उतरवून घ्यावी आणि आपली आपण वापरावी. मी तसं केलं नाही. रंग, मापं, ती तळाची ओळ, हे सगळं एका फाइलीत ठेवलं आणि ती फाइल माझ्याकडे ठेवली. ज्याचा ब्लॉग उघडेल तो दर वेळी माझ्या फाइलीत डोकावून मगच उघडेल. मी एक आकडा सुधारला की सगळीकडे सुधारतो. पंचेचाळीस वह्यांत तीच चूक पंचेचाळीस वेळा दुरुस्त करून मी कंटाळले होते गं. एकदा दुरुस्त केलं की सगळ्यांचं झालं, या कल्पनेने मला वेड लावलं. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "फुकट दिया तो दे दिया, मंजू. डोर अपने हाथ में कैकू रखी?" मी म्हटलं, चूक राहिली तर दुरुस्त कोण करणार? तू म्हणालीस, "और तेरीच चूक हुई तो?" मी हसले. माझी चूक! तू पण हसलीस, पण माझ्याइतकी नाही.

आता ईदचं. गेल्या वर्षी, ईदनंतर तिसऱ्या दिवशी तू शीरखुर्म्याचा डबा घेऊन आलीस. मी तुला 'सहन'मधली नवी सुधारणा दाखवत होते. तू म्हणालीस, "ये तो तूने पिछले महीने बी दिखाया था. उसके पहले बी." मी म्हटलं, तुला काय आठवतंय, तू शेवटची पानं आधी वाचणारी. मग तू सांगितलंस की 'सहन'ची उर्दू अक्षरं पुन्हा डावीकडून सुरू झाली आहेत, तू ती दोनदा सरळ केलीस आणि दोन्ही वेळा मी ती उलटी करून ठेवली. आवाज न चढवता बोललीस. माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "मेरे साथ नांदेड चल. एक डॉक्टर को दिखाके आते. बस दिखाके."

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. माझ्या कामावर स्वतःचं नाव मिरवता यावं म्हणून माझ्या फाइलीत हात घालतेस, असं म्हणाले. चोर म्हणाले. ज्या बाईने माझ्या आईच्या शेवटच्या आजारात अकरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात उशाशी बसून काढले, तिला मी माझ्या दारात उभं करून चोर म्हणाले. तू डबा तसाच ठेवून बसस्टँडकडे गेलीस. तुझी लातूरची बस सुटली असेल नसेल, तोवर मी तुझा पासवर्ड बंद केला आणि तळाच्या ओळीतलं तुझं नाव पुसलं. एक ओळ खोडली आणि चारशे अकरा ठिकाणांहून तू गेलीस. हे मला लख्ख आठवतं. बाकीचं कितीतरी आठवत नाही, हे मात्र मिनिटामिनिटाने आठवतं.

म्हणून ऑक्टोबरात पान कोरं झालं तेव्हा मी मनाशी म्हटलं, पासवर्ड बंद केला तरी कुठून तरी आत शिरली, आली सूड घ्यायला. आणि पुरावा काढायला बसले.

फाइलीत कुणीही काही बदललं की त्याची नोंद राहते, तुला माहीतच आहे. तारीख, वेळ, कुणाच्या नावाने, आणि काय बदललं त्याची एक ओळ. ती ओळ लिहायची सक्ती मीच केली होती. त्या मंगळवारची नोंद मी उघडली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. माझ्या नावाने. खाली ओळ: 'अक्षरांचा रंग उजळ केला. कहकशांशी बोलून.'

मी ती ओळ कितीदा वाचली असेन. ते माझंच वाक्य. पूर्णविराम माझा. आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. त्या सकाळी मी काय करत होते हे गंगम्माला विचारलं. ती म्हणाली, "लॅपटॉपपाशी बसला होता की. खुशीत होता लई. फोन कानाला न्हाई लावलेला, तरी कुणाशी तर बोलून राहिला होता. म्या म्हणलं, मंत्र म्हणताव काय."

कहकशां, मी मागे गेले, नोंद दर नोंद. तुला घालवल्यापासून मला आठवत नाहीत असे अकरा बदल आहेत. बहुतेक निरुपद्रवी, मीच केलेले आणि मीच परत पुसलेले. त्यातल्या चारांखाली लिहिलंय, 'कहकशांशी बोलून.' तुला मी दाराबाहेर काढलं होतं आणि तू इथेच, माझ्या शेजारी बसून मला मापं सांगत होतीस, आणि मी ऐकत होते. कुणाला सांगू हे?

दुसऱ्या आठवड्यात मी नांदेडला गेले. तुझ्याबरोबर जायला हवं होतं, गंगम्माबरोबर गेले. डॉक्टर माझीच विद्यार्थिनी निघाली, साक्षी. दहावीला गुणाकार चुकवला म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभी केली होती, ते तिलाही आठवत होतं, मलाही. ती खाली बघत म्हणाली, "बाई, राग मानू नका, सगळ्यांना विचारते. शंभरातून सात वजा करत जा." मला अपमान वाटला. त्र्याण्णव, म्हटलं. शहाऐंशी. आणि मग समोर काही नव्हतंच. वजा करायचं आहे हे कळत होतं. मी विचारलं, "किती वजा करायचे?" साक्षीने पेन टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरले होते. मी तिला म्हटलं, रडायचं नाही, निदान काय ते सांग. ती म्हणाली, "सुरुवात आहे बाई. गोळ्या देते. वेग थोडा कमी करता येईल." आणि शेवटी म्हणाली, तुमचं जे काही इतरांवर परिणाम करेल असं असेल, ते आताच कुणाच्या तरी हाती द्या. घर भाचीच्या नावावर आधीच केलेलं आहे. मला दुसरं एकच आठवलं.

ती फाइल बंद का करत नाही, असं विचारशील. बंद केली तर चारशे अकरा घरं एका मिनिटात उघडी पडतील. प्रत्येकाला लिहिलं की आपापली वेगळी प्रत करून घ्या. साठेक जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या निम्म्यांना जमलं. सुकन्याताई म्हणाल्या, "बाई, मला टाइप तेवढं येतंय बघा, हे आतलं न्हाई." बरेच जण आता पत्ता बदलून गेलेत. नऊ माणसं हयात नाहीत. त्यांच्या कविता, त्यांच्या आठवणी माझ्या फाइलीच्या आधाराने उभ्या आहेत, आणि त्यांना कोण कळवणार?

मी पासवर्ड बदलून पाहिला. अवघड केला, लिहून ठेवला नाही, म्हटलं आता विसरेन. विसरलेही. दोन दिवसांनी बसले तर बोटांनी तो आपोआप टाइप केला. डोकं विसरतं, बोटं विसरत नाहीत. माझी बोटं माझ्या नकळत दार उघडतात हे पाहिलं, तेव्हा मला जी भीती वाटली तशी कधीच वाटली नव्हती. म्हणून वायर गंगम्माकडे दिली आणि बजावलं, मी मागितली तरी देऊ नकोस. परवा बुधवारी लॅपटॉप पुन्हा टेबलावर चालू दिसला, वायर लावलेली. गंगम्माला विचारलं तर ती रडवेली झाली. "तुमीच म्हणलात देऊ नको, अन् तुमीच डोळे वटारून मागून राहिलात. बाई, म्या काय करावं?" त्या दिवशीची नोंद पाहिली. 'ओसरी'तले फोन नंबरचे आकडे झाकून ठेवले होते, 'सुटसुटीत दिसावं म्हणून.' बारा मिनिटांनी माझं लक्ष गेलं. बारा मिनिटं, आणि शेतात अजून माणसं आहेत.

म्हणून आज सकाळी डोकं स्वच्छ असताना लिहायला बसले. सोबत दुसरा कागद आहे. त्यावर खात्याचं नाव आणि बोटं टाइप करत गेली तसा उतरवून घेतलेला पासवर्ड आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी तो बदल. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर माझा काढून तुझा टाक. त्या दोन्ही गोष्टी मला कळता कामा नयेत, भाचीलाही नाही, साक्षीलाही नाही. पुढे ती दोरी तोडता आली तर हळूहळू तोड, ज्याची थीम त्याला देऊन टाक, तू म्हणाली होतीस तशी. आज गंगम्माला शेजारी बसवून मी शेवटचा एक बदल केला. तळाच्या ओळीत तुझं नाव परत लिहिलं, माझ्या नावाच्या आधी. नोंदीत लिहिलं, 'कहकशांशी न बोलता.' माफी कागदावर मागणार नाही. तुझा डबा मी घासून फडताळात ठेवला आहे, तो न्यायला ये, तेव्हा समोर बसून मागेन. मात्र लवकर ये, मला ती मागायची आहे हे आठवतंय तोवर.

आता पत्र जपून ठेव म्हटलं त्याचं कारण. मी तुला फोन करीन. आठ दिवसांनी, दोन महिन्यांनी, कधीतरी नक्की करीन. माझी फाइल परत दे म्हणेन. आवाज माझा असेल, शब्द नीट असतील, गणितासारखं मुद्देसूद बोलेन आणि तुला पटेल. कदाचित बसने लातूरला तुझ्या दारात येईन. तुला पुन्हा चोर म्हणेन. तुला माझी दया येईल आणि पासवर्ड द्यावासा वाटेल. देऊ नकोस. वाद घालू नकोस, समजावू नकोस, डॉक्टरचं नाव काढू नकोस. मला बसव, पाणी दे आणि हे पत्र माझ्या हातात ठेव. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पण हे अक्षर मी ओळखीन. म्हणूनच फोन केला नाही, हाताने लिहिलं, शाईने लिहिलं, खाडाखोड न करता लिहिलं. मंजुश्री, हे तूच लिहिलं आहेस. कहकशांने काही चोरलेलं नाही. तूच तिला दिलंस, शुद्धीवर असताना, १४ नोव्हेंबरला, आणि नको म्हटलं तरी परत मागशील हे तुला माहीत होतं. आता तिचा हात सोड आणि घरी जा.

तुझीच,
जोवर ओळखते आहे तोवर आणि त्यानंतरही,
मंजू